थेट कंपनीकडून रोड सायकल मागवतोय, काय काय बघून घेऊ?

समोरचा_वारा:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं हायब्रिड चालवतोय. आठवड्यात तीन फेऱ्या, रविवारी साठ-सत्तर किलोमीटर. पाय आता साथ देतात, पण समोरून वारा सुटला की सरळ हॅंडलमुळे सगळा वारा छातीवर घ्यावा लागतो आणि शेवटचे वीस किलोमीटर संपता संपत नाहीत. आता पहिली रोड सायकल घ्यायचं पक्कं केलं आहे.

दुकानात जेवढ्या पैशांत टियाग्रा गिअरची सायकल मिळते, तेवढ्यात थेट विकणाऱ्या कंपन्या १०५ देतात (दोन्ही शिमानोच्या गिअरच्या मालिका, १०५ वरची). कुठे कुठे त्यावर कार्बनचा फोर्कही (पुढचं चाक धरणारा चिमटा). फरक इतका मोठा आहे की मन तिकडेच ओढ घेतंय. पण सायकल खोक्यात येणार, जोडायची आपण, बसून बघायची सोय नाही. माझी उंची १७२. कंपनीच्या तक्त्यात ती 'एम' मध्ये येते. एवढ्यावर मागवून टाकू का? ज्यांनी मागवली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पन्नास_चौतीस:
अभिनंदन! आधी गिअरचं बोलतो, कारण फसगत तिथेच जास्त होते.

जाहिरातीत '१०५' असं ठळक लिहिलेलं असतं. तुम्ही खाली जाऊन पूर्ण यादी वाचा. पुष्कळदा शिफ्टर (हॅंडलवरची गिअर बदलायची कळ) आणि मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढे १०५ असतात. क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, शिमानोचाच पण आरएस५१० सारखा, कुठल्याच मालिकेत न बसणारा. ब्रेक दुसऱ्याच कंपनीचे, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) खालच्या दर्जाची, चेन आणखी तिसरीच. यात वाईट काही नाही, कॅसेट आणि चेन झिजल्यावर बदलायचीच असते. पण तुलना करताना पूर्ण संचाची किंमत मनात धरू नका. ब्रेक मात्र बारकाईने बघा. डिस्क ब्रेक 'हायड्रॉलिक' आहेत की केबलवाले, हा फरक उतारावर बोटांना रोज कळतो.

१०५ म्हणजे नेमकं कोणतं तेही विचारा. २०१८ मध्ये आलेलं आर७००० हे मागे ११ गिअरचं. २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक १०५ आलं ते १२ चं, आणि २०२३ मध्ये केबलवर चालणारं १२ गिअरचं आर७१०० आलं. नाव एकच, सुटे भाग वेगवेगळे. खालची उतरंड म्हणजे टियाग्रा १०, सोरा ९, क्लॅरिस ८.

आणि खरं सांगू? पहिल्या रोड सायकलीला मागे किती गिअर आहेत यापेक्षा सगळ्यात हलका गिअर कोणता आहे ते महत्त्वाचं. पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्या आणि मागे ११ ते ३४ दातांच्या असतील तर शेवटचा गिअर ३४ ला ३४, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा. २८ मिलिमीटर रुंद टायर लावलेल्या चाकाचा घेर सुमारे २१३६ मिलिमीटर. मिनिटाला ९० फेरे मारले तर वेग ताशी साडेअकरा किलोमीटर. तेच मागे सर्वांत मोठी चकती २८ दातांची असेल तर त्याच फेऱ्यांना ताशी १४ चा वेग ठेवावा लागतो. लांब चढावर ताशी १४ धरून ठेवणं नव्या माणसाला जमत नाही. मग फेरे पन्नासवर येतात आणि गुडघे कुरकुरायला लागतात. दोन सायकली अगदी सारख्या वाटल्या तर ३४ ची कॅसेट असलेली घ्या.

सकाळची_फेरी:
माझा अनुभव लिहिते, कारण तुमचा प्रश्न वाचून मला तीन वर्षांपूर्वीची मीच आठवले.

मीही फक्त उंची बघून मागवली. तक्त्यात माझी उंची दोन मापांच्या सीमेवर येत होती. गप्पांच्या खिडकीत विचारलं तर 'मोठं माप घ्या' असं उत्तर आलं. सायकल आली, देखणी होती, पहिले दहा किलोमीटर हवेत होते. चाळिसाव्या किलोमीटरला उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. वाटलं, सवय होईल. झाली नाही. महिनाभराने लक्षात आलं की कोपर सरळ ताणूनच मी हॅंडलपर्यंत पोचते आहे.

लहान स्टेम (हॅंडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) लावू म्हटलं तर हॅंडल आणि स्टेम एकसंध, आतून केबल आणि ब्रेकच्या नळ्या गेलेल्या. म्हणजे अख्खं हॅंडल नवं, नळ्या कापून पुन्हा जोडणं, ब्रेकमधली हवा काढणं. परत पाठवायची मुदत होती, पण अट 'न चालवलेली' अशी. टायरवरची धूळ काय लपणार! शेवटी तोट्यात विकली.

म्हणून हात जोडून सांगते, आज संध्याकाळी पायाच्या आतल्या बाजूची लांबी मोजा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटसारखं वर दाबून धरा, पुस्तकाचा कणा भिंतीला काटकोनात लागलेला हवा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. तीनदा मोजा. मग आता वापरता त्या सायकलीवर सीटच्या टोकापासून हॅंडलच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या.

समोरचा_वारा:
ताई, मनापासून आभार. मोजलं. तीनदा मोजल्यावर ७९, ७९.५, ७९ आलं. म्हणजे पाय आखूड आणि धड लांब, असंच ना? बायकोने पुस्तक धरायला मदत केली आणि मग तिचंही मोजायला लावलं. तिची उंची १६८ आणि पाय ८१! माझ्यापेक्षा चार सेंटिमीटर कमी उंची, पाय दोनने लांब. तक्ता मात्र उंचीवरच चाललाय.

दोन सायकली नजरेत आहेत. पहिलीचा 'एम' मध्ये स्टॅक ५६८, रीच ३७८. दुसरीचा स्टॅक ५४०, रीच ३९०. दुसरी दिसायला फार सुंदर आहे, दर जवळपास सारखा. हे आकडे कसे वाचायचे?

चढण:
स्टॅक म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक जिथे फिरतो तो सांधा) मध्यापासून हेडट्यूबच्या (फ्रेमची पुढची नळी) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची. रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर. सीट वरखाली, मागेपुढे करता येते, त्यामुळे फ्रेम निवडताना हे दोनच आकडे धरून चाला. स्टॅकला रीचने भागा. पहिलीचं उत्तर १.५०, दुसरीचं १.३८. दीडच्या आसपास असेल तर ती लांब फेरीची, पाठ थोडी वर ठेवणारी. १.४ च्या खाली म्हणजे शर्यतीची बैठक.

आता एक गंमत बघा. रीचमध्ये १२ मिलिमीटरचा फरक दिसतोय, पण दोन्हींची तुलना एकाच उंचीवर करायला हवी. दुसऱ्या फ्रेमवर हॅंडल पहिलीइतकं वर आणायचं तर स्टेमखाली साधारण ३० मिलिमीटरच्या रिंगा घालाव्या लागतील. हेडट्यूब तिरकी असते, ७३ अंश धरा. त्यामुळे दर १० मिलिमीटर रिंगांमागे हॅंडल सुमारे ३ मिलिमीटर मागे येतं. तीस मिलिमीटर रिंगांवर नऊ मिलिमीटर गेले, रीच उरला ३८१. म्हणजे लांबीत दोन्ही सायकली जवळपास सारख्याच! खरा फरक उंचीत आहे, आणि तो भरून काढायला दुसरीवर रिंगांचा मनोरा रचावा लागेल. कार्बनच्या स्टिअररवर (फोर्कची वर येणारी नळी) किती रिंगा चालतात त्याला कंपनी मर्यादा घालते. शिवाय स्टिअरर कापूनच येतो, कापलेला वाढवता येत नाही.

धड लांब आहे म्हणून तुम्हाला रीच त्रास देणार नाही. पण हायब्रिडवरून येताय, पाठीला अजून वाकायची सवय नाही. मी पहिली घेईन. नंतर रिंगा काढून हॅंडल खाली आणता येतं, उलट करणं अवघड.

आटे_आणि_पाने:
मी दुरुस्तीच्या बाजूने लिहितो. बावीस वर्षं सायकली उघडतोय. आता माझ्या स्टँडवर येणाऱ्यांत खोक्यातून आलेल्या सायकली बऱ्याच असतात. त्या वाईट असतात असं मुळीच नाही. कित्येकांच्या फ्रेम दुकानातल्या सायकलींपेक्षा सरस असतात. मधल्या माणसाचा नफा वाचतो तो खरोखर वाचतो.

पण दुकानातून घेतली की एक मेकॅनिक तुमच्या ओळखीचा होतो, त्याच्याकडे त्या कंपनीचे भाग असतात किंवा तो मागवू शकतो. थेट घेतलीत की कोपऱ्यावरचा कुणीही मेकॅनिक हाच तुमचा मेकॅनिक. म्हणून सायकल अशी निवडा की तिला त्याचा हात लागू शकेल. मला विचाराल तर गिअर नंतर, रंग नंतर, आधी हे.

बॉटम ब्रॅकेट आट्यांचं आहे का बघा. यादीत 'बीएसए' किंवा 'थ्रेडेड' लिहिलेलं असतं. साध्या पान्याने उघडतं, कुठेही मिळतं. उजव्या बाजूला उलटे आटे असतात एवढं लक्षात ठेवलं की झालं. दाबून बसवलेल्या प्रेसफिटमध्ये फ्रेमचं भोक कणभर इकडेतिकडे असलं तरी पावसाळ्यानंतर करकर सुरू होते आणि ती शोधण्यात आमचा अर्धा दिवस जातो. सीटपोस्ट (सीटखालची दांडी) गोल, २७.२ मिलिमीटरचा असला तर सोनं. खास आकाराचा असला तर त्याची पकडही खास आणि ती फक्त त्याच कंपनीकडे. स्टेम साधा, चार बोल्टचा, हॅंडलपासून वेगळा. ताईंनी वर लिहिलंच आहे.

आणि हॅंगर! मागचा डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ केलेला असतो, सायकल उजवीकडे पडली की तो वाकतो. जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा आकार निराळा. स्रॅमने २०१९ मध्ये सर्वांसाठी एकच असा यूडीएच हॅंगर आणला, तो हल्ली काही रोड फ्रेमवरही दिसतो. तुमच्यात नसेल तर सायकलीबरोबरच दोन जादा हॅंगर मागवा. माझ्याकडे एक मुलगा आला होता, प्रवासातच हॅंगर मोडलेला. नवा यायला पाच आठवडे लागले. खिळ्याएवढ्या तुकड्यासाठी नवी कोरी सायकल भिंतीला टेकून उभी.

रिकामी_बाटली:
काका, पण मोठ्या कंपन्या आता इतक्या मुरल्या आहेत की सुटे भाग मिळतातच. जर्मनीतल्या कोब्लेन्झची कॅन्यन घ्या, थेट विक्रीवरच एवढी मोठी झाली, शर्यतीतले संघ तिच्यावर धावतात. २०२१ मध्ये शर्यतपटू मॅथ्यू व्हान डर पूलचं हॅंडल शर्यतीत तुटलं तेव्हा कॅन्यनने त्या एरोड मॉडेलच्या मालकांना सायकल चालवू नका असं लगेच कळवलं. दुकानांमार्फत निरोप फिरण्यापेक्षा हे बरं नाही का?

आटे_आणि_पाने:
बरोबर आहे तुमचं. म्हणूनच मी सायकल आली की फ्रेमचा नंबर कंपनीकडे नोंदवायला सांगतो. नोंदच नसेल तर कळवणार कुणाला?

पण कंपनी मोठी आहे एवढ्यावर विसंबू नका. विगल आणि चेन रिअॅक्शन या ऑनलाइन सायकल विक्रीतल्या केवढ्या नावाजलेल्या पेढ्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्या. नावं पुढे दुसऱ्याने विकत घेतली, पण मध्यंतरी ज्यांची हमीची कामं अडकली असतील त्यांचे हाल विचारा. आट्यांचा बॉटम ब्रॅकेट आणि गोल सीटपोस्ट असलेली सायकल अशा वेळी अनाथ होत नाही.

पन्नास_चौतीस:
काकांना दुजोरा. आणखी एक, मागच्या वर्षांचा माल सवलतीत मिळतो तेव्हा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शिमानोने १ जुलै २०१९ पूर्वी बनलेल्या ११ गिअरच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस (१०५ च्या वरच्या मालिका) यांच्या चिकटवलेल्या क्रँकची तपासणी जाहीर केली, कारण त्यांचे दोन भाग सुटू शकतात. १०५ चा क्रँक त्यात नाही. जुनी किंवा पडून राहिलेली अल्टेग्रा सायकल स्वस्तात दिसली तर क्रँकच्या आतल्या बाजूचा कोड वाचून मगच पैसे भरा.

समोरचा_वारा:
सगळ्यांचं वाचून काल रात्री पहिली मागवली. बॉटम ब्रॅकेट आट्यांचं, सीटपोस्ट २७.२, ३२ पर्यंतचा टायर बसतो, कॅसेट ११-३४. १०५ आर७०००, ब्रेक हायड्रॉलिक. हॅंगर दोन जादा. दुसरीचा फोटो बायकोने फोनमधून काढून टाकायला लावला. काका, खोका आल्यावर काय करू?

आटे_आणि_पाने:
खोका घेतानाच चारही बाजूंचे फोटो काढा. फाटलेला, दबलेला असेल तर सही करताना तसं लिहा. परत करायची मुदत संपेपर्यंत खोका आणि आतला फोम टाकू नका.

सहसा पुढचं चाक, हॅंडल, सीट आणि पेडल एवढंच बसवायचं असतं. टॉर्क पाना नसेल तर आधी तो घ्या. वाचलेल्या पैशांतली ही पहिली खरेदी. स्टेमवर, सीटच्या पकडीवर आकडा छापलेला असतो, बहुधा ५ न्यूटन मीटर. हाताच्या अंदाजाने कार्बनवर बोल्ट आवळू नका, तडा आत जातो आणि बाहेर दिसत नाही. कार्बनला ग्रीस लावायचं नाही, त्याची वेगळी खरखरीत पेस्ट असते.

पुढचं चाक बसेपर्यंत ब्रेक दाबू नका. पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा नसेल तर पिस्टन बाहेर येऊन पॅड मिटतात आणि मग डिस्क आत शिरतच नाही.

हॅंडल पकडणारे चार बोल्ट फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. शेवटी वरची आणि खालची फट सारखी दिसली पाहिजे. नख फिरवून बघा, कळतं. मग स्टेमचा क्रम: आधी वरच्या टोपीचा बोल्ट हलकेच, त्यानंतरच स्टेमच्या बाजूचे दोन. उलट केलं तर हेडसेट (हॅंडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) सैल राहतो. पुढचा ब्रेक दाबून धरा, सायकल मागेपुढे हलवा, दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या सांध्यावर ठेवा. टकटक जाणवली तर बाजूचे बोल्ट सैल करून टोपी चिमूटभर आवळा.

डाव्या पेडलला उलटे आटे. दोन्ही पेडलना ग्रीस लावा, आधी बोटांनीच चार-पाच फेरे आत गेले पाहिजेत. अडकलं तर थांबा, पान्याचा जोर लावू नका. क्रँकचे आटे गेले की क्रँक गेला.

ब्रेक नवे असतात तेव्हा धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने जाऊन, चाक न अडवता, जवळजवळ थांबेपर्यंत दाबा आणि पुन्हा वेग घ्या. पंधरा-वीस वेळा. हळूहळू चावा येतो.

समोरचा_वारा:
आली! खोका एका कोपऱ्याला दबला होता, फोटो काढले, आत सगळं नीट. जोडायला तीन तास लागले. त्यातला एक तास नुसता वाचण्यात आणि बोल्ट मोजण्यात.

हेडसेटमध्ये खरंच टकटक होती. मी स्टेमचे बोल्ट आधी आवळले होते. सैल केले, टोपी थोडी फिरवली, बोटाखालची टकटक थांबली. तो क्षण फार आवडला मला.

सीटची उंची बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून ६९.८ सेंटिमीटर ठेवली (७९ गुणिले ०.८८३, हे सूत्र ग्रेग लेमाँडमुळे रूढ झालं असं वाचलं). पहिल्या फेरीनंतर पाच मिलिमीटर खाली घेतली, कारण पेडलच्या तळाशी कंबर हलत होती. काल ५२ किलोमीटर झाले. परतताना तोच समोरचा वारा. खालचं हॅंडल धरून वाकलो आणि चेनचा आवाज ऐकू यायला लागला. हायब्रिडवर कानात नुसती वाऱ्याची घरघर असायची.

एकच अडचण. जोर लावला की पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला डावीकडून एक 'टक' येतो. बॉटम ब्रॅकेट असेल का?

आटे_आणि_पाने:
आवाज खालून येतोय असं वाटतं, पण फ्रेम आवाज कुठून कुठे नेते सांगता येत नाही. उभं राहून पेडल मारल्यावर आवाज राहतो का? राहिला तर सीट आणि सीटपोस्ट निर्दोष. मग डावं पेडल काढा, आटे पुसा, ग्रीस लावा, पुन्हा नीट आवळा. ३५ न्यूटन मीटरपर्यंत जाऊ द्या, पेडलला ५ पुरत नाही.

समोरचा_वारा:
उभं राहूनही येत होता. पेडल काढलं, ग्रीस फक्त उजव्याला लावलेलं निघालं. डावीकडे लावायचं राहून गेलं होतं. लावलं, नीट आवळलं, आज सकाळी चाळीस किलोमीटर. आवाज बंद. काका, खूप आभार.

सकाळची_फेरी:
बोटं?

समोरचा_वारा:
दहाही शाबूत आहेत, ताई. आता पुढच्या महिन्यात बायकोसाठी बघायची आहे. उंची १६८, पाय ८१. नवीन धागा काढू की इथेच विचारू?

चढण:
इथेच विचारा. स्टॅक जास्त असलेली लागेल, दोन-तीन मॉडेलचे आकडे टाका.